हे वावर कोणाचं

राजदीपच्या फोनमधून आईचा आवाज आला तेव्हा साधना माती चाळत होती. मृद परीक्षणाच्या त्या लांबट खोलीत दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. खिडकीखाली कागदांवर सावलीत वाळवलेल्या मातीचे ढीग ओळीनं मांडलेले होते आणि पलीकडच्या टेबलाशी राजदीप डबा खात फोनवर काहीतरी लावून बसला होता. तो रोजच लावायचा. साधनाला त्याचा त्रास होत नसे. नको ते आवाज बाहेरच्या बाहेर ठेवायची सवय तिला अभ्यासाच्या दिवसांपासून होती. आधी नुसती कुरकुर आली, वाळकं पान चुरगाळल्यासारखी. मग एका तरुण मुलीनं शेताबद्दल गात विचारलेला प्रश्न, ‘हे वावर कोनाचं, बाई, हे वावर कोनाचं?’ आणि त्यानंतर, उत्तर देण्याआधी, कुणीतरी घेतलेला श्वास. भरलेली घागर खाली उतरवताना बाई घेते तसा, नाकातून, शेवटी बारीक ‘हं’ असलेला. साधनाचा हात थांबला. उत्तर यायच्या आधीच तिला कळलं होतं की ही आई आहे. मग उत्तर आलं. ‘कोनाचं म्हनून इचारू नोको, बाई, हे बोरीचं.’ आवाज किंचित घोगरा, वर जाताना न थरथरणारा, कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नसलेला. साधना त्रेचाळीस वर्षांची होती आणि आपली आई गाते हे तिला माहीत नव्हतं.

“ऐका मॅडम, तुमच्या घाटंजीचं आहे,” राजदीप घास गिळत म्हणाला. “पऱ्हाटी नाव आहे अल्बमचं. कोण्या पोरीनं काढला, कशफ म्हणून. आमचा नेरचा स्टँड पण आहे याच्यात, तो कंडक्टर डबल बेल मारते ना, ते. मी घरी लावलं तर आमचा बुढा उठून बसला, म्हणे गाडी लागली काय!” तो हसला आणि लगेच गंभीर झाला. “पण ही बाई! काय आवाज आहे हो. माह्या बायकोनं तर पदर लावला डोळ्याले.” साधनानं चाळणी खाली ठेवली. “कोण आहे ती?” तिनं विचारलं. आपण हे विचारतो आहोत याचं तिलाच नवल वाटलं. राजदीपनं तेलकट बोट पुसून स्क्रीन सरकवला. “नाव नाही दिलं. ‘घाटंजीची एक मावशी’, एवढंच.” साधना ‘बरं’ म्हणाली आणि चाळणीत उरलेले खडे झाडून टाकू लागली. ‘ही माझी आई आहे’ हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच्यामागून ‘ती गाते हे मला माहीत नव्हतं’ हे दुसरं वाक्य येणार होतं आणि ते तिला राजदीपसमोर नको होतं. शिवाय तो ‘मावशी’ शब्द. साधना आईला आई म्हणे, गल्लीतल्या बायका मास्तरीण म्हणत, आणि तिला, मथुराबाईंना, मावशी म्हणणारी माणसं जगात एकाच घरात होती: घाटंजीत शेजारी राहणाऱ्या हबीबभाईंच्या. कशफ त्यांची पुण्यात राहणारी नात.

त्या संध्याकाळी यवतमाळच्या तिच्या दोन खोल्यांत तिनं अल्बम पहिल्यापासून लावला. चहा गार झाला. तिचं घर काही बिनगाण्याचं नव्हतं, उलट तिच्या वडिलांना, बाबाराव मास्तरांना, गाण्याचं वेड होतं. जयंतीच्या महिन्यात विहारासमोर मांडव पडे, भीमगीतांचे गायक येत, बाबा पहिल्या रांगेत बसून गुडघ्यावर ताल धरत आणि मध्येच मोठ्यांदा दाद देत. आई पांढऱ्या साडीत बायकांच्या घोळक्यात मागे बसे. सगळ्या बायका कडवं उचलत, तिचे ओठ मिटलेले. कुणी आग्रह केला की म्हणे, “मले नाई येत बावा.” बाबा कौतुकानंच सांगत, आमच्या मथुराबाईला सगळं येतं, फक्त गळा तेवढा द्यायचा राहिला. साधनानं हे मान्य केलं होतं. आपल्यालाही सूर नाही, तो आईकडून आला नाही, हा आनुवंशिकतेचा सरळ हिशेब तिनं शाळेतच मांडून ठेवला होता आणि त्यात तिला एक बरंही वाटत असे, की निदान या एका उणिवेत आपण तिच्यासारख्या आहोत. रंग बाबांचा, उंची बाबांची, अक्षर बाबांचं; ही एक गोष्ट आईची. आता खुर्चीत बसून ती ऐकत होती आणि तीही हातातून गेली होती. आईला गळा होता. तो साधनाकडे आला नव्हता एवढंच.

मत्सर हा शब्द तिनं स्वतःशी उच्चारला नाही. तिनं तो इतर गोष्टींना लावून पाहिला. रेकॉर्डिंगमध्ये दोष आहे, असं तिनं ठरवलं. ती कुरकुर सबंध गाणंभर होती, इतकी साधी गोष्ट त्या मुलीला काढता येऊ नये? मग तिनं ती कुरकुर इतक्यांदा ऐकली की तिची लय कळू लागली. ओळ संपताना ती थांबे, उत्तराच्या मधोमध पुन्हा सुरू होई. पुढच्या दिवसांत ती स्कूटरवरून कामावर जाताना, येताना, भात लावताना अल्बम ऐकत राहिली. त्यात कळंबच्या चिंतामणीच्या कुंडात पायऱ्या उतरून जाणाऱ्या पावलांचा गारवा होता. वाघाडीच्या कोरड्या पात्रात बकऱ्या गोट्यांवरून चालल्याचा खडखडाट होता. हबीबभाईंच्या पिंजणाच्या मशीनची घरघर होती, आणि ती बंद झाल्यावर हवेत तरंगणाऱ्या कापसाची शांतता. शांतता कशी ऐकू येते हे साधनाला समजावून सांगता आलं नसतं, पण ती येत होती. या सगळ्या जागी ती गेली होती. कुंडाच्या पायऱ्या लहानपणी उतरली होती, नेरच्या स्टँडवर बदलीच्या गाड्यांसाठी तास न् तास बसली होती. तिथं तिनं काय ऐकलं होतं? काहीच आठवेना. वर्षानुवर्षं या जिल्ह्याची माती तिच्या हाताखालून गेली. कोणत्या गावात चुना जास्त, कुठं स्फुरद कमी, कुठल्या नाल्याकाठी क्षार वर येतात हे ती झोपेतून उठून सांगू शकली असती. पण प्रत्येक पिशवीवर मालकाचं नाव आणि गट नंबर असे आणि तिला माती तेवढीच माहीत होती. आता पिशवी उघडली की ती नकळत नाक जवळ नेई. ओली केली की या मातीला वास येत होता, गोडसर, किंचित जळका, आणि असा वास इतकी वर्षं येत असला पाहिजे. एका सकाळी स्कूटर थांबवून ती रस्त्याकडेच्या कापसाकडे बघत उभी राहिली. खूप सुंदर होतं. काळ्याभोर जमिनीवर पांढरं फुटलेलं, मागे सागाची बुटकी टेकडी, आणि उन्हाला चढू लागलेला पिवळेपणा. आणि बघता बघताच तिला राग आला, कारण हे बघायला तिला कशफनं उभं केलं होतं. स्वतःचंच गाव तिला दुसऱ्याच्या कानातून मिळत होतं, आणि ते कान पुण्यात राहात होते.

अल्बमखाली लोकांनी लिहिलेलं ती वाचत बसे. दुबईहून कुणी कळंबचा माणूस लिहीत होता की गाडी बाजूला घेऊन रडलो. कुणी लिहिलं होतं, माझी आजी अशीच गायची. कुणी, मावशी, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. जगभरच्या माणसांनी येऊन आईला हात लावून जावं तसं तिला होई. शेवटी एकदा तिनं तिथं टाइप केलं, ‘ही माझी आई आहे,’ आणि पाठवून दिलं. थोड्या वेळात कुणीतरी लाल बदाम दिला. मग आणखी कुणी. मग एकानं उत्तर लिहिलं, ‘खरं आहे ताई, ती आपल्या सगळ्यांचीच आई आहे.’ साधनानं फोन पालथा ठेवला आणि रविवारी घाटंजीची गाडी पकडली.

मथुराबाई अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. मुलगी अशी न कळवता आली की त्या आधी तिच्या तब्येतीकडे बघत; बघून झालं, पाणी दिलं, आणि पुन्हा भाजीशी बसल्या. साधनानं बोलायचं ठरवलेलं सगळं गाडीतच पाठ केलं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, “तू गातेस?”

“ऐकलं काय तू?” मथुराबाईंचा चेहरा पोरीसारखा झाला. “कसं लागते? पंचफुला म्हने का रेडिओतल्यासारखं लागते.”

म्हणजे पंचफुलाबाईंनाही माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. “मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू इचारलं कधी?”

“आई, हे काय विचारायचं असतं? तू नेहमी म्हणायचीस मला येत नाही.”

“मंग? ते विहारातले गाने मले येतच नाई. शिकलेल्या लोकाइचे गाने ते, शब्द इकडचा तिकडे झाला तं तुह्ये बाबा मंगच्या मंग टोकत. हे आपलं वेचनीचं आहे.” त्यांनी एक पान उन्हाकडे धरून पाहिलं आणि फेकलं. “तुह्या बाबाले आवडे नाई हे. लगन झालं तवा त्याइले नोकरी कोठी होती? मी जाओ कापूस वेचाले. वेचनीवाल्या बायाइचं असं राहे, का मालकाचं नाव घेऊन काय कराचं? आज हा मालक, उद्या तो. सांजच्याले इचारे, उद्या कोठी जाचं वं? तं सांगाचं, बोरीच्या वावरात. नाई तं डोहाच्या. नाई तं उलट्या नांगराच्या. सारं आमचंच ठेवलेलं नाव. मालकाले पत्ता नाई. त्याचंच गानं. एकीनं इचाराचं, दुसरीनं सांगाचं. तुह्या बाबाले मास्तरकी लागली, तं म्हने, बस झालं आता. म्हने दुसऱ्याच्या वावराले नाव देल्यानं ते आपलं होते काय? माह्या लेकराच्या कानावर हे नाई पडलं पायजे. तिले वावर मालूमच नाई झालं पायजे.” हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “आन् खरंच होतं त्याइचं. तू शिकली.”

“पण तू गायचं सोडलं नाहीस.”

“हबीबभाईच्या जोहराबीकडे कापूस निवडाले जाओ ना मी दुपारी. तिच्या गाद्याइचा. हात कापसात गेला का येते आपोआप. तिच्या घरी कोन अडवते? तिले आवडे. ते कशफ लहान होती, कापसाच्या ढिगावर लोळत राहे आन् इचारे, हे वावर कोनाचं, मावशी, हे वावर कोनाचं?” मथुराबाई हसल्या. ते हसू अंगणातल्या कुणासाठी नव्हतं.

साधना त्या काळात अमरावतीला कॉलेजात होती. सुट्टीत आली की ती आतल्या खोलीत रसायनशास्त्र वाचत बसे आणि आई दुपारी ‘आलीच’ म्हणून शेजारी जाई. मधली भिंत विटांची, वर टीन. त्या भिंतीपलीकडून काही ऐकू आलं होतं का? तिनं आठवायचा प्रयत्न केला. मशीनची घरघर आठवली. दोन बायकांचं हसणं आठवलं. भिंतीच्या या बाजूला पुस्तकं होती, स्वच्छ गणवेश होता, बाबांची अपार माया होती, तिला काहीएक कमी नव्हतं. आणि भिंतीच्या त्या बाजूला कुणा दुसऱ्याच्या नातीला कापसाच्या ढिगावर झोपवून आई गात होती. जे मिळालं ते मिळालं म्हणून कृतज्ञ असावं इतपत शहाणपण साधनाला होतं. ते शहाणपण बाजूला बसून राहिलं. तिला तो ढीग हवा होता.

“मला म्हणून दाखव,” ती म्हणाली.

“आता?”

“आता.”

मथुराबाई संकोचल्या, पण उठल्या. हात धुतले, पदर सारखा केला आणि आतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, फोटो काढायला बसावं तशा बसल्या. ‘हे वावर कोनाचं’ त्यांनी स्वतःच म्हटलं, मग स्वतःच सांगितलं, बोरीचं. पुन्हा विचारलं, डोहाचं. शाळेत हजेरी घ्यावी तसं ते निघालं. सूर नाही, तो श्वास नाही. त्या थांबल्या. “नाई येत वं. हात रिकामा आहे.”

“कशफपुढे आलं.”

“तिनं गाठोडं आनून ठेवलं होतं ना कापसाचं. हात चालल्याबिगर गळा चालत नाई माहा.”

म्हणजे ती कुरकुर दोष नव्हता. ती वाळक्या बोंडांची होती, आईच्या बोटांची. साधना चपला घालून बाहेर पडली. आपण रागावलो आहोत की काय, हे तिला नीट कळेना. पण उपाय साधा होता आणि उपाय असलेल्या गोष्टीपाशी तिला धीर येत असे. कापूस हवा. कापूस शेजारी मिळतो.

हबीबभाई दुकानात नव्हते. मशीन बंद होती आणि गादीच्या कापडांच्या गठ्ठ्यावर पाय वर घेऊन कशफ बसली होती, गळ्यात मोठे हेडफोन, केसांत कापसाचे तंतू. जोहराबी गेल्यापासून साधनानं तिला पाहिलं नव्हतं. “साधनादीदी!” म्हणून ती उडी मारून उतरली. “केव्हा आल्या? ऐकलं का तुम्ही? खरं सांगा, कसं वाटलं?” चेहऱ्यावर इतका उघडा आनंद होता की साधनाला तयारी केलेलं पहिलं वाक्य सोडून द्यावं लागलं. तिनं दुसरं घेतलं. “तिचं नाव का नाही टाकलंस? लोकांना तिचा आवाज ऐकवायचा, आणि ती कोण ते नाही सांगायचं. मावशी म्हणे. कुणाची मावशी?”

“मी टाकणारच होते, दीदी. मथुराबाई बाबाराव, असं लिहून पण झालं होतं. मावशीच नको म्हणाल्या.”

“का?”

“जाऊ द्या ना.”

“का, कशफ?”

“म्हणाल्या, साधना साहेब आहे, तिच्या ऑफिसात समजन का हिची माय लोकाइच्या वावरात वेचे. तिले लाज वाटन.” कशफनं हे आईच्याच सुरात म्हटलं, हेलासकट, आणि साधनाला झालेल्या दुखण्यात हाही एक वेगळा काटा होता, की हिला आईचा हेलसुद्धा येतो. “मी म्हटलं त्यांना, दीदी तशा नाहीत. तर हसल्या.”

समोरच्या रस्त्यानं बाजारची गाडी गेली. आपल्याला लाज वाटली असती का, हे साधनानं प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. राजदीपसमोर ती बोलली नव्हती. पण ते लाजेमुळे नव्हतं. ज्या कारणानं ती गप्प बसली ते त्याहून लहान आणि त्याहून वाईट होतं. “मला एक किलो कापूस दे,” ती म्हणाली. कशफनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पिशवी भरून दिली, पैसे नको म्हणाली, साधनानं काउंटरवर ठेवलेच. वळताना कशफ मागून म्हणाली, “दीदी, उद्या सकाळी मी मावशींना घेऊन जाणार आहे, जमीरचाचांच्या वावरात. वेचणी सुरू आहे. खरोखरच्या वावरात त्या कधी गायल्या नाहीत ना माझ्यासमोर. तुम्ही पण या ना.” मावशींना घेऊन जाणार. साधना ‘बघू’ म्हणाली.

घरी तिनं पिशवी आईच्या मांडीवर ठेवली. मथुराबाईंनी हात घातला, चिमूट वर काढली, बोटांत ओढून पाहिली आणि खो खो हसत सुटल्या. “हे मशीनचं आहे वं पोरी! सरकी काढेल, पिंजेल. याले काय वेचाचं? गादी भराची काय माही?” त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. “एवढी मोठी साहेब, आन् कापूस मालूम नाई!” बाबांना हे ऐकून समाधान वाटलं असतं, असं साधनाच्या मनात आलं. त्यांनी योजलं होतं तसंच घडलं होतं. ती हसली नाही. आईचं हसणं हळूहळू ओसरलं आणि त्या मुलीकडे जरा निरखून बघू लागल्या. “चालतं काय उद्या?” त्यांनी विचारलं. “चाल. पाय काळे होतीन तुह्ये, पन चाल.”

सकाळी दव सुकेपर्यंत त्या तिघी पांदणीनं चालत होत्या, मथुराबाई पुढे. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, पायाखाली बैलगाडीच्या चाकोऱ्या. जमीरच्या वावरात बायका आधीच पलीकडच्या टोकाला लागल्या होत्या, त्यांची लुगडी आणि डोक्यावरचे फडके झाडांवरून तेवढे दिसत. कशफनं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, काठी रोवून तिला माइक बांधला आणि हेडफोन चढवून खाली बसली. मथुराबाईंनी कमरेला जुन्या साडीची ओटी बांधली. दुसरा तुकडा काढून काही न विचारता साधनाच्या कमरेला बांधला, गाठ मारताना लहान मुलीला वळवतात तसं तिला खांदा धरून वळवलं. “ही ओळ माही. बाजूची तुही. पूर्न फुटलेलंच घेजो. पाला नोको येऊ देऊ.” साधनानं पहिल्या बोंडाला हात घातला आणि वाळक्या टरफलाचं टोक नखाशेजारी घुसलं. दुसऱ्यालाही घुसलं. आई दोन्ही हातांनी दोन झाडांवर चालली होती. बोटं आत जात, बाहेर येत, आणि टरफल रिकामं, पाच कोपरे उघडे ठेवून मागे राही. तीच ती कुरकुर. इथं ती सगळ्या वावरातून येत होती. वरून ऊन चढत होतं, मातीचा तो वास गुडघ्यांपर्यंत आला होता, आणि साधनाच्या मनात पहिल्यांदाच असं आलं की ही जमीन तपासायला आणलेली नाही, ती इथं आहे आणि आपण तिच्यावर उभ्या आहोत.

मथुराबाई गुणगुणू लागल्या. शब्द नव्हते, नुसता श्वास आणि त्याच्यामागून येणारा बारीक ‘हं’. मग गुणगुणणं एका जागी येऊन थांबलं. बोटं चालू राहिली. पुन्हा तिथंच आलं, पुन्हा थांबलं. साधनाला कळलं की ती जागा प्रश्नाची आहे. तिनं धुऱ्याकडे पाहिलं. कशफ हेडफोनवर हात दाबून ओठ किंचित उघडून बसली होती. अगदी सवयीनं तिच्या तोंडात ती ओळ आली होती, हे इतक्या लांबूनही दिसत होतं. आता ती म्हणेल. तिचीच जागा आहे ती, ढिगावर लोळत होती तेव्हापासूनची. साधनाला सूर नव्हता. आणि जो काही थोडा होता तो तिनं कशफच्याच अल्बममधून उचललेला होता, स्कूटरवर, भात लावताना. कशफ ‘बाई’वर घेते ती लहानशी गिरकीसुद्धा. आईला विचारायचं तर त्या मुलीच्या गळ्यानं विचारावं लागणार होतं. तिसऱ्यांदा गुणगुणणं त्या जागी आलं.

“हे वावर कोनाचं, बाई,” साधनानं म्हटलं, “हे वावर कोनाचं?” आवाज फाटका निघाला, पण गिरकी आली. कशफची आली. साधनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मथुराबाईंनी मान वर केली नाही. श्वास घेतला, आणि तो आवाज, जो सगळ्या जगानं आधी ऐकला होता, हातभर अंतरावरून आला. “कोनाचं म्हनून इचारू नोको, बाई, हे रडकीचं.” शेवटच्या शब्दाशी त्यांना हसू फुटलं आणि ओळ तुटली. साधनाला समजलं नाही. असं नाव अल्बममध्ये नव्हतं, आणि तो तिला तोंडपाठ होता. मथुराबाईंनी हनुवटीनं धुऱ्यावरच्या वाकड्या बाभळीकडे दाखवलं आणि फक्त शेजारच्या ओळीला ऐकू जाईल इतक्या हळू, बोटं न थांबवता म्हणाल्या, “त्या झाडाले लुगड्याचा पाळना बांधून तुले निजवत होती मी. तू कायची निजतं! दिवसभर नुसती बोंबलत. बाया कावल्या. मंग कोनी इचारलं का उद्या कोठी, तं म्हनाच्या, चाला रडकीच्या वावरात. अजून तेच म्हनते तिकडच्या बाया. त्याइले थोडीच मालूम कोनती रडकी.”

साधना उभी राहिली. पलीकडच्या टोकाला त्या बायका होत्या, तिनं कधी न पाहिलेल्या, आणि त्यांच्या तोंडात तिचं हे नाव होतं. कुठल्याही पिशवीवर नव्हतं. माइक लांब होता, वाऱ्यानं कापसाची पऱ्हाटी खसखसत होती. कशफ हेडफोन गळ्यात टाकून ओळीओळींतून घाईघाईनं येत होती, डोळे चमकत होते. “मावशी, हे नवीनच! हे नाव मागच्या वेळी नव्हतं सांगितलं तुम्ही. शेवटचं नीट नाही आलं. रडकी कोण होती? काही किस्सा आहे काय?”

मथुराबाईंनी पऱ्हाटीवरून मुलीकडे पाहिलं. सांगायचं तर सांग, अशा नजरेनं नुसतं पाहिलं आणि पुन्हा बोंडाशी वाकल्या. साधनाच्या मुठीत पहिला वेचलेला कापूस होता, सरकीसकट, एका कडेला तिच्याच रक्तानं किंचित डागलेला. कशफचा चेहरा काल दुकानात होता तसाच उघडा होता. तिला सांगितलं असतं तर ती नाचली असती, तिनं ते जगाला ऐकवलं असतं, आणि दुबईतला माणूस पुन्हा गाडी बाजूला घेऊन रडला असता.

“असेल कोणी,” साधना म्हणाली. तिनं मूठ ओटीत रिकामी केली आणि पुढच्या झाडाकडे सरकली.